शाळा आपली वाटली पाहिजे

(सावदा इथे उन्हाळी सुट्टीत झालेल्या युवक-युवतींच्या बैठकीत एका प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



सावद्याच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता तुम्ही इतके जण घराबाहेर पडलात, याबद्दल आधी तुमचे आभार. मागे बसलेल्या मुलींनी पुढे या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत आणि पंखाही इकडेच आहे.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: शाळेतला समन्याय, मनाचं स्वास्थ्य आणि आपलेपणा. तिन्ही शब्द परिपत्रकात शोभणारे आहेत. मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. त्यामुळे कुठलाही मोठा शब्द सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी घालून बघितल्याशिवाय मला कळत नाही. मुलाच्या तोंडी हे तीन शब्द तीन प्रश्न होतात. मला जे लागतं ते मिळतं का? मला शाळेत भीती वाटते का? आणि मी एक दिवस आलो नाही, तर कुणाच्या लक्षात येतं का? आज मी या तीन प्रश्नांवरच बोलणार आहे.

मला जे लागतं ते मिळतं का?

माझ्या तिसरीच्या वर्गात एक तडवी मुलगा होता. वडील केळीच्या कटाईला जायचे, सुट्टीच्या दिवशी हाही बरोबर. वर्गात मात्र तोंड उघडायचा नाही. पुस्तकातलं गुणाकाराचं शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं की खाली बघत बसायचा. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘गणितात कच्चा’ असा शेरा आधीच पडलेला होता. एके दिवशी मी त्याला विचारलं, एका घडाला आठ फण्या, असे सहा घड कापले, तर फण्या किती? त्यानं बोटंसुद्धा मोडली नाहीत. ‘अठ्ठेचाळीस,’ म्हणाला आणि वर मलाच सांगितलं की मॅडम, सगळ्या घडांना सारख्या फण्या नसतात.

आता मला सांगा, हा मुलगा कच्चा कशात होता? गणित त्याला येत होतं. उदाहरण ज्या भाषेत लिहिलं होतं ती त्याच्या घरची नव्हती आणि त्यातल्या वस्तू त्याच्या रोजच्या नव्हत्या. मी त्याला जास्तीचे गुण दिले नाहीत, सोपा पेपरही दिला नाही. उदाहरण तेवढं त्याच्या बाजूनं मांडलं. वर्ष संपेपर्यंत पुस्तकातली उदाहरणंही तो सोडवायला लागला.

समानता आणि समन्याय यांतला फरक तुम्हाला केळीवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. जून-जुलैला लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरता सरता लावलेली कांदेबाग, या दोन्हींना एकाच महिन्यात एकच खत, एकच पाणी कुणी देतं का? दोन्ही बागा आपल्याच, दोन्हींकडून घड चांगलाच हवा. पण एक थंडीत मोठी झालेली असते, दुसरी थंडीत अजून लहान असते. जो शेतकरी दोघींना ‘सारखं’ वागवील त्याची एक बाग जाईल. वर्गात आपण नेमकं तेच करतो आणि त्याला समानता म्हणतो.

आपल्याकडच्या मुलांच्या भाषेचंच बघा. सावद्यातलं एखादं मुस्लिम पोर घरात आपली हिंदी-उर्दू बोलतं, बाजारात लेवा बोली ऐकतं, मराठी शाळेत गेलं तर पुस्तकातली मराठी वाचतं, उर्दू शाळेत गेलं तर पुस्तकातली उर्दू. दोन्हीकडे पुस्तकाची भाषा घरच्यापेक्षा वेगळीच. पहिलीत बसल्या बसल्या त्याला तीन-चार भाषा सांभाळायच्या असतात. ही त्याची ताकद आहे. पण पहिल्या वर्षी तो गप्प राहिला की आपण म्हणतो, लक्ष नाही, घरात कुणी शिकलेलं नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी तशी सोय व्हावी, हे आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये लिहिलं आहे. हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या गावात उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते, तिथे पुढे काय? मुलगा सायकल काढून दुसऱ्या गावी जातो. मुलगी घरी बसते. ‘आता मराठीत तिला जमणार नाही’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे, की ते मला पाठ झालं आहे. न्या. राजिंदर सच्चर यांच्या समितीनं २००६ मध्ये अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. त्याच अहवालात हेही होतं की शाळेच्या वयातली जेमतेम ३ टक्के मुलं मदरशात जातात. म्हणजे ‘मुसलमान पोरांना मदरशातच घालतात’ हा समज खोटा. बाकीची मुलं याच सरकारी, अनुदानित, खासगी शाळांच्या दारात येतात, आणि त्यांतली बरीच तिथूनच परत फिरतात. म्हणून आपल्याला शाळेबद्दल बोलायचं आहे.

मला शाळेत भीती वाटते का?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचं आपल्याला एकच कलम माहीत असतं, ते २५ टक्के प्रवेशाचं. बाकीचंही वाचा. कलम १७ सांगतं, मुलाला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. कलम २९ सांगतं, शिक्षण असं हवं की मूल भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त होईल आणि आपलं मत मोकळेपणानं मांडेल. कलम ८ आणि ९ सांगतात, दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलाशी शाळेत भेदभाव होऊ नये हे पाहणं सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. म्हणजे मनाचं स्वास्थ्य हा श्रीमंतांच्या शाळांचा चोचला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाही तो कायद्यानं दिलेला आहे.

ऑगस्ट २०२३ मधली उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातली घटना तुम्हाला आठवत असेल. सात वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला उभं करून शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांना एकेक करून त्याला थपडा मारायला लावल्या. व्हिडिओ तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. तुम्ही चिडलात, मीही चिडले. पुढे काय झालं ते मात्र फार थोड्या जणांनी वाचलं. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं उत्तर प्रदेश सरकारला फटकारलं, शिक्षण हक्क कायद्याची आठवण करून दिली आणि त्या मुलाला समुपदेशन द्या म्हणून सांगितलं. आणि त्याच्याबरोबर, ज्या मुलांना थपडा मारायला लावलं त्यांनाही द्या असं सांगितलं. ते समुपदेशन कसं असावं हे सुचवण्याचं काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपवलं.

शिक्षिका म्हणून मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. ज्यानं थप्पड खाल्ली त्याचं दुखणं दिसतं. पण ज्यानं सात वर्षांचा असताना बाईंच्या सांगण्यावरून आपल्याच मित्राला मारलं, त्याच्या मनात काय राहिलं असेल? भेदभाव शिकवला की दोन्ही बाजूंची मुलं मोडतात. म्हणून आपण जेव्हा आपल्या मुलासाठी शाळेत बोलायला जातो, तेव्हा आपण त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलासाठीही बोलत असतो.

आपल्या भागात इतकं टोकाचं काही रोज घडत नाही. इथे घडतं ते बारीक असतं. क्रिकेटची मॅच असली की दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी विचारतं, ‘काय रे, तू कुणाकडून?’ सगळे हसतात, पोरगंही हसतं. मधल्या सुट्टीत डब्याकडे बघून कुणी नाक मुरडतं. रोजा असतो त्याच दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. त्यात वाईट हेतू नसतो, पण विचारलंही नसतं. एखादी मुलगी ओढणी घेऊन आली तर बाकीच्यांसमोर तिची चौकशी होते. यातल्या एकेका गोष्टीची तक्रार करायला गेलं तर ती क्षुल्लक वाटते. मूल मात्र ती सगळी साठवत राहतं.

ते आपल्याला तोंडानं सांगत नाही. त्याचं अंग सांगतं. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं. डबा तसाच घरी येतो. अक्षर बिघडतं. आधी धावत जाणारं पोर आता गेटपाशी रेंगाळतं. घरात लहान भावाला मारायला लागतं. तुम्ही मोठे भाऊ आहात, आपा आहात, मामू आहात, खाला आहात. अम्मी-अब्बांच्या कामाच्या धबडग्यात हे सुटून जातं, तुमच्या नजरेला पडू शकतं. तेव्हा ‘नाटकं करतो’ म्हणू नका. शेजारी बसा. ‘शाळेत काय झालं?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘काही नाही’. त्याऐवजी विचारा, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलास? त्या एका उत्तरातून पुष्कळ कळतं.

आणि गोष्ट आपल्या हाताबाहेरची वाटली तर मदत मागा. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे दोन नंबर आज मोबाइलमध्ये टाकून घ्या. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे आपल्या मोहल्ल्यातून जायला हवं. ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना, आणि दुआही करतो. दोन्ही बरोबर चालतं.

भीतीचं बोलतोय तर आपल्या घरातलंही बोलू. मकतबमध्ये धडा चुकला म्हणून छडी बसते, तेव्हा आपण काय म्हणतो? ‘उस्तादचा मार लागला तर तिथून बरकत येते.’ शाळेतल्या गुरुजींनी मारलं तर मोर्चा आणि मकतबात मारलं तर बरकत, हे चालणार नाही. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ठरवलं. ही सवलत आपली ओळख जपण्यासाठी आहे. मुलांना मारण्यासाठी नाही, पालकांना हिशेब न देण्यासाठीही नाही. आपल्या संस्थांनी कायद्यानं सांगायची वाट न बघता तेच नियम स्वतःला लावून घ्यावेत. असं झालं तर दुसऱ्याकडे न्याय मागताना आपली मान वर राहील.

मी आलो नाही तर कुणाच्या लक्षात येतं का?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तो कायद्यात बसत नाही.

आपलेपणा हजेरीपासून सुरू होतो. वर्गात तीन शेख असले की ‘ए शेख नंबर दोन’ अशी हाक जाते. नाव कठीण आहे म्हणून कुणी ते तोडतं, कुणी बदलतं. मूल दोन-चार दिवस सुधारून सांगतं, मग सोडून देतं. मी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचा अर्थ घरून विचारून यायला सांगते. सगळ्यांना, फक्त मुसलमानांना नाही. पाटलांच्या मुलालाही आपल्या नावाचा अर्थ माहीत नसतो. आठवडाभर वर्गात नावांच्याच गोष्टी चालतात. नंतर कुणी कुणाचं नाव बिघडवत नाही, कारण ते आता नुसतं नाव उरलेलं नसतं.

आता मी एका मुलीबद्दल बोलणार आहे जी आपल्याच जिल्ह्याची होती. डॉ. पायल तडवी. जळगावची, तडवी भिल समाजाची, एमबीबीएस होऊन मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. खटला न्यायालयात गेलेला आहे, त्यामुळे दोष कुणाचा हे मी इथे ठरवणार नाही. मला वेगळी गोष्ट सांगायची आहे.

तेव्हा कायदे नव्हते का? होते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. आणि २०१२ मध्ये त्याच आयोगानं उच्च शिक्षणसंस्थांमध्ये समन्याय वाढवण्यासाठी खास नियम काढले: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी हवा. कागदावर सगळं होतं. पायलच्या घरच्यांचं म्हणणं असं की त्यांनी आधीच वरिष्ठांच्या कानावर त्रास घातला होता. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी साधी होती: तुम्हीच केलेले नियम पाळा. एक आपल्या खान्देशातली तडवी मुसलमान आई आणि एक आंध्रातली दलित आई, एका अर्जावर दोघींची नावं. आपली मुलं तर परत येणार नाहीत, पण दुसऱ्यांची मुलं तरी वाचावीत म्हणून त्या उभ्या राहिल्या.

पायलचा विषय निघाला की आपल्याकडे लोक म्हणतात, बघा, मुसलमान मुलीला छळलं. दुसरे म्हणतात, तो आदिवासींचा प्रश्न आहे. अरे, ती दोन्ही होती. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात राहणारा तडवी समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आहे आणि धर्मानं मुसलमान आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे त्यात काहीच चुकीचं नाही. पण बाहेर त्यांना विचारतात, ‘तुम्ही मुसलमान, मग आदिवासी कसे?’ आणि आत आपण काय विचारतो? आपण विचारतो, ‘तुम्ही तडवी, म्हणजे पक्के मुसलमान का?’ त्यांच्या रीतिरिवाजांवर हसतो. त्यांच्या घरात मुलगी देत नाही, त्यांच्या घरची करत नाही. मन्यार, पिंजारी, बागवान, खाटीक, शेख, सय्यद, सगळ्यांचे आपापले उंबरठे आहेत आणि पोरांना ते पाठ आहेत. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला ‘जंगली’ म्हणणारा पहिला मुलगा मोहल्ल्यातलाच होता. तो शब्द त्यानं शाळेत शिकला नव्हता.

ज्याला बाहेर बसवलं जातं त्याला बाहेर बसण्याचं दुःख कळतं, असं आपण मानतो. पण ते आपोआप कळत नाही, शिकावं लागतं.

आपल्याच मातीतले धडे

हे शिकवणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. इथून हाकेच्या अंतरावर फैजपूर आहे. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा त्यासाठी खपणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्याआधी १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, आजाऱ्याजवळ बसत. समुपदेशन हा शब्दही तेव्हा नव्हता. कोणतं मूल आज जेवलं नाही हे त्या शिक्षकाला माहीत असायचं, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. याच गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं. शेजाऱ्याला समजून घ्यायचं तर त्याचा धर्म वाचावा लागतो, हे त्यांनी करून दाखवलं. आपणही शेजाऱ्याबद्दल किती वाचलं आहे, हा प्रश्न स्वतःला विचारू.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं. बाहेरगावच्या मुलाला डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी नसेल तर शाळेची फी माफ करून काय उपयोग, हे त्यांना कळलं होतं. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांच्या बरोबर फातिमा शेख होत्या. त्यांच्याबद्दल कागदावर फार थोडं उरलं आहे. १० ऑक्टोबर १८५६ च्या सावित्रीबाईंच्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. एवढ्या मोठ्या कामाची एवढीच नोंद. ज्यांचं लिहून ठेवलं जात नाही त्यांच्यावर पुढे शंका घेतल्या जातात, म्हणून तुम्ही लिहीत जा. आपल्या मोहल्ल्यात पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण, पहिली शिक्षिका कोण, तिला कुणी साथ दिली, हे जाऊन विचारा आणि नोंदवा.

जूनमध्ये काय करायचं?

आता कामाचं. जूनच्या मध्यात शाळा उघडतील. मी तुम्हाला चार कामं सांगते. चारही फुकटातली आहेत.

पहिलं काम शाळा व्यवस्थापन समितीचं. कायद्यानं या समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे हे इथल्या कितीजणांना माहीत आहे? हात वर करा. तीन. बघा. बऱ्याच ठिकाणी नावं आईची असतात आणि बैठकीला अब्बा जातात, किंवा रजिस्टर सहीला घरी येतं. या जूनमध्ये आपल्या अम्मीला, भाभीला बैठकीला पाठवा. तुम्ही घरी लहानग्यांना सांभाळा. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे.

दुसरं, तक्रार पेटी. महाराष्ट्रात प्रत्येक शाळेत ती लावायचा आदेश २०१७ पासून आहे. २०२२ पासून सखी सावित्री समितीही आहे, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी. पेटी आहे का, ती उघडतात का, कुणासमोर उघडतात, एवढं नम्रपणे विचारा. भांडायला जाऊ नका. दहा शिक्षकांपैकी आठ जणांना मनापासून चांगलं करायचं असतं, त्यांना कुणी विचारायला आलं की बळ येतं. हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून सांगते आहे.

तिसरं काम नववीच्या उंबरठ्यावरच्या मुलींचं. माझी भाची यंदा उर्दू शाळेतून आठवी झाली. तिला पुढे शिकायचं आहे. तिच्या परवानगीनंच सांगते. ती आणि तिची अम्मी एका शाळेत चौकशीला गेल्या, तर खिडकीवरच्या माणसानं वर न बघता विचारलं, ‘तुमची वेगळी शाळा आहे ना?’ दोघी परत आल्या. घरात आता चर्चा अशी की एवढा अपमान करून घ्यायचा कशाला, शिवणकाम शिकेल. तिच्या अब्बांना मी दोष देत नाही. त्यांना मुलीचं शिक्षण नको आहे असं नाही, त्यांना तिचा मान जायला नको आहे. पण त्या एका वाक्यानं मुलीची दहा वर्षं ठरणार असतील, तर ते मला मान्य नाही. शाळा उघडली की मी तिच्याबरोबर मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे. आणि या सुट्टीत ती रोज संध्याकाळी माझ्याकडे विज्ञान आणि गणिताचे मराठी शब्द शिकते आहे: गुणोत्तर, त्रिज्या, संयुग. पंधरा दिवसांत तिची दोन वह्यांची यादी झाली. अशा मुली प्रत्येक गल्लीत आहेत. तुमच्यात मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेले जे आहेत त्यांनी एकेक मुलगी, एकेक मुलगा घ्यावा. दिवसाचा एक तास, सहा आठवडे. माध्यम बदलताना अडतं ते बुद्धीनं नाही, या दोन-तीनशे शब्दांनी.

चौथं काम सगळ्यांत सोपं आहे आणि सगळ्यांत अवघडही. आपल्या शाळेत, आपल्या मोहल्ल्यात जो सगळ्यांत कडेला बसतो त्याला जवळ घ्या. तो तडवी पाड्यावरचा असेल, कटाईला आलेल्या मजुराचा असेल, दिव्यांग असेल, हिंदू असेल. ईदला शीरखुर्मा देताना आपल्या ओळखीच्या चार घरांत देतो, तसा एक वाटा तिकडे जाऊ द्या.

एक आडवा प्रश्न

येताना एका तरुणानं मला रस्त्यातच गाठलं. ‘मॅडम, एवढं सगळं करण्यापेक्षा आपल्या वेगळ्या, चांगल्या शाळा का नको?’ प्रश्न रास्त आहे. चांगल्या उर्दू शाळा हव्यात, मराठीही उत्तम शिकवणाऱ्या हव्यात, बारावीपर्यंतच्या हव्यात. त्यासाठी मी तुमच्याबरोबर आहे. पण आपली किती मुलं तिथे मावतील? उरलेली मुलं उद्या सकाळी त्याच बाकावर बसणार आहेत. आणि शाळा संपल्यावर केळीच्या गाडीवर, बँकेत, दवाखान्यात, पंचायत समितीत सगळ्यांना एकत्रच काम करायचं आहे. एकमेकांची नावं नीट उच्चारायची सवय सातव्या वर्षी लागली तर सत्ताविसाव्या वर्षी कुणाला खिडकीवरून परत जावं लागणार नाही. खिडकीच्या आत बसलेला माणूसही कधीकाळी कुणाच्या तरी वर्गात होता. त्याला ते शिकवायचं राहून गेलं. ते आपण आता शिकवायचं आहे, आणि त्या खिडकीच्या आत आपलीही मुलं-मुली बसतील एवढं शिकायचं आहे.

दाराजवळ एक वही ठेवली आहे. जो एक तास देऊ शकतो त्यानं नाव, गल्ली आणि कोणता विषय शिकवू शकतो ते लिहावं. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी दुसऱ्या पानावर लिहावं. मुलींची नावं त्यांनी स्वतःच लिहावीत, भावानं नको.